आकाशातील दोन वाटा : विमान कंपनी की खासगी विमान?
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्यापारी घरात मुलाने सी.ए. व्हायचे ठरविले, की आजोबा पेढे आणायला सांगतात. मुलीने डॉक्टर व्हायचे ठरविले, की घर आनंदते. परंतु त्याच मुलाने अथवा मुलीने ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ असे म्हटले, की क्षणभर शांतता पसरते. मग वडील पहिला प्रश्न विचारतात, तो खर्चाचा. आई विचारते, ते धोक्याचे. हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य नेमके त्यावरच ठरते. तो प्रश्न असा : विमान चालवायचे, ते कोणाचे? तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशांच्या विमान कंपनीचे, की एखाद्या उद्योगसमूहाचे वा भाड्याने दिले जाणारे खासगी विमान? दोन्ही ठिकाणी गणवेश आहे, खांद्यावर पट्ट्या आहेत आणि खाली तीच धरती आहे. तरीही ही दोन वेगळी आयुष्ये आहेत.

या दोन्ही वाटांचा उगम आपल्या देशात जवळजवळ एकाच ठिकाणी झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे.आर.डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे विमान आणले आणि भारतीय विमानसेवेचा आरंभ झाला. उद्योगपती, मालक आणि वैमानिक या तिन्ही भूमिका त्या दिवशी एकाच माणसात होत्या. पुढे १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना दार पूर्णपणे उघडले. या काळात एकीकडे नियमित विमानसेवा वाढत गेली, तर दुसरीकडे उद्योगपतींची व राज्य सरकारांची स्वतःची विमाने आकाशात दिसू लागली.

स्त्रियांनीही या दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत. प्रेम माथुर या भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये त्यांनी काम केले आणि घनश्यामदास बिर्ला यांचे खासगी विमानही चालविले. इंडियन एअरलाइन्सच्या ज्या विमानात सर्वच्या सर्व कर्मचारी महिला होत्या, त्या १९८५ च्या कोलकाता ते सिलचर उड्डाणाचे नेतृत्व कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केले. आज भारतातील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के मानले जाते. जगाच्या सरासरीच्या हे जवळजवळ तिप्पट आहे. तेव्हा ‘हे मुलींचे काम नव्हे’ हा आक्षेप आता बाजूला ठेवावा.

प्रारंभीचे भांडवल

वाट कोणतीही निवडली, तरी पहिला टप्पा सामाईक आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात. वाणिज्य शाखेच्या अनेक मुलांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पूर्ण करून पुढची वाट धरली आहे, ही गोष्ट व्यापारी घरांनी अवश्य लक्षात ठेवावी. वय किमान १८ वर्षे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण ही परवान्याची मुख्य अंगे होत. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी ही सरकारी संस्था प्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रातही बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे येथे उड्डाणाचे शिक्षण दिले गेले आहे.

या शिक्षणाचा खर्च आज साधारणतः पन्नास लाखांच्या घरात जातो. विमान कंपनीच्या पुरस्कृत अभ्यासक्रमातून गेल्यास तो एक कोटीच्या आसपास अथवा त्याहूनही पुढे जाऊ शकतो. म्हणूनच पहिला रुपया भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. प्रथम द्वितीय श्रेणीची, नंतर प्रथम श्रेणीची. कापडाचा गठ्ठा उघडून पाहण्यापूर्वी कोणताही व्यापारी हुंडी लिहून देत नाही. दृष्टी, श्रवण, हृदय यांपैकी कशात दोष असल्यास तो फी भरल्यानंतर नव्हे, तर आधी कळावा.

परवाना हातात आला म्हणजे नोकरी मिळाली, असे मात्र नाही. प्रत्येक मोठ्या विमानप्रकारासाठी ‘टाईप रेटिंग’ नावाचे वेगळे प्रशिक्षण असते व त्याला आणखी काही लाख रुपये लागतात. दोन वाटा येथेच फुटतात. एअरबस ए-३२० अथवा एटीआर-७२ यांचे प्रशिक्षण घेतलेला तरुण विमान कंपनीच्या दारात उभा राहतो. किंग एअर, सायटेशन अथवा फाल्कन यांचे प्रशिक्षण घेतलेला उद्योगसमूहाच्या अथवा भाड्याने विमान देणाऱ्या संस्थेच्या दारात. एका विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या विमानाला चालत नाही. म्हणून घरातील दागिने अथवा दुकानाचा गाळा तारण ठेवून काढलेले पैसे कोणत्या प्रशिक्षणासाठी खर्च होत आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

विमान कंपनीतील जीवन

विमान कंपनीचे काम म्हणजे गिरणीतील ठोक माल. मोजमाप ठरलेले, वेळ ठरलेली, पद्धत ठरलेली. महिन्याचे वेळापत्रक, ज्याला ‘रोस्टर’ म्हणतात, ते आधी हातात पडते. हवामानाचा अहवाल, उड्डाणाचा आराखडा, इंधनाचा हिशेब हे तयार करणारे वेगळे खाते असते. सामान चढविणारे वेगळे, जेवण पुरविणारे वेगळे, प्रवाशांना सांभाळणारे वेगळे. वैमानिकाने वेळेवर यावे, विमान तपासावे, उड्डाण करावे आणि नियमाप्रमाणे विश्रांती घ्यावी. ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये त्याची परीक्षा होते. इंजिन बंद पडले, आग लागली, धूर झाला तर काय करावे, याचा सराव पुनःपुन्हा करून घेतला जातो.

तेथे ज्येष्ठतेला फार महत्त्व आहे. आधी आलेला आधी कॅप्टन होतो. सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा होणार, हे त्याच्या गुणांवर जितके अवलंबून असते, तितकेच कंपनी किती नवी विमाने आणते यावर. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. अशा भरभराटीच्या काळात बढती लवकर मिळते, मंदीत तीच वर्षानुवर्षे रखडते. कंपनी बदलली, तर ज्येष्ठतेची रांग पुन्हा शेवटून सुरू होते. शिवाय सोडून जाणेही सहज नसते. २०१७ मध्ये महासंचालनालयाने विमान कंपनी सोडण्यासाठी कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना आवश्यक केली.

या जीवनाचा दोष म्हणजे एकसुरीपणा आणि थकवा. एका दिवसात तीन-चार उड्डाणे, पहाटे तीनची हजेरी, पर्युषण असो वा दिवाळी, रोस्टर म्हणेल तेथे मुक्काम. दोनशे प्रवासी मागे बसलेले असतात. परंतु त्यांपैकी एकाचेही नाव वैमानिकाला ठाऊक नसते.

खासगी विमानावरील जीवन

खासगी विमानाचे काम म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेला अंगरखा. प्रत्येक उड्डाण निराळे. आज मुंबईहून रायपूर, उद्या नांदेड, परवा कदाचित दुबई. विमान कंपन्या जेथे जात नाहीत, अशा छोट्या धावपट्ट्यांवर उतरावे लागते. काही ठिकाणी मोठ्या विमानतळासारखी मार्गदर्शक यंत्रणा नसते, धावपट्टी आखूड असते. त्यामुळे वैमानिकाचे कौशल्य चौफेर घडते. विमानही पुष्कळदा अद्ययावत असते आणि ते कंपनीच्या प्रवासी विमानापेक्षा अधिक उंचावरून उडते.

परंतु येथे वैमानिकाला केवळ वैमानिक राहून चालत नाही. इंधन भरले का, विमान उभे करण्यास जागा मिळाली का, उतरण्याची परवानगी आली का, पाहुण्यांचे सामान नीट ठेवले का, त्यांचे जेवण आले का, हे सारे त्यालाच पाहावे लागते. मागे बसलेले चार-सहा जण त्याला नावाने ओळखतात. मालक मनमिळाऊ असेल, तर वैमानिक घरातल्या माणसासारखा होतो. ज्याला माणसे आवडतात, त्याला हे काम मनापासून आवडते.

वेळेचे गणित मात्र उलटे आहे. उड्डाणाचे तास कमी, वाट पाहण्याचे तास अधिक. कामाच्या वेळेचे व विश्रांतीचे नियम येथेही आहेत. पण फोन केव्हा वाजेल, याचे रोस्टर नसते. महिन्यात पंधरा दिवस घरी राहणारा वैमानिक नेमका बहिणीच्या लग्नाच्या दिवशी बाहेरगावी असू शकतो.

येथे एक कायदेशीर भेद पालकांनी समजून घ्यावा. जे विमान ‘खासगी’ म्हणून नोंदलेले असते, त्यात मालक स्वतः व त्याची माणसे प्रवास करू शकतात. परंतु भाडे घेऊन इतरांना नेता येत नाही. भाडे घ्यावयाचे असल्यास बिगर-अनुसूचित विमानसेवेचा परवाना लागतो आणि त्यावर महासंचालनालयाची देखरेख असते. नोकरी स्वीकारताना विमान कोणत्या वर्गात नोंदलेले आहे, हे विचारणे अत्यावश्यक आहे.

तासांचा हिशेब

व्यापाऱ्याला आकड्यांची भाषा लवकर समजते. कॅप्टन होण्याच्या वाटेवर जो मोठा परवाना लागतो, त्यासाठी इतर अटींबरोबर एकूण १५०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. प्रशिक्षणातील २०० तास वजा केले, तर १३०० तास उरतात. विमान कंपनीत वर्षाला १००० तासांची कायदेशीर कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात ८०० तास मिळाले असे धरल्यास हे १३०० तास दोन वर्षांच्या आत भरतात. खासगी विमानावर वर्षाला ३०० तास मिळाले असे धरल्यास त्यांनाच सव्वाचार वर्षांहून अधिक काळ लागतो. कर्जाचा हप्ता मात्र दोघांनाही दरमहा सारखाच येतो.

याचा अर्थ खासगी वाट तोट्याची, असा नव्हे. विमान कंपन्यांची भरती थंडावली, की परवानाधारक तरुण दोन-दोन, तीन-तीन वर्षे घरी बसतात. त्या काळात छोट्या विमानावर मिळालेले तीनशे तास हे शून्य तासांपेक्षा निश्चितच मोलाचे असतात. बसून राहिलेल्या हाताची सफाई जाते आणि परवान्यालाही अलीकडच्या उड्डाणांची नोंद लागते.

स्थैर्य कोठे आहे?

पालकांची स्वाभाविक समजूत अशी, की मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित नोकरी. इतिहास तसे सांगत नाही. किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबविली. मध्यंतरी २५ मार्च ते २५ मे २०२० या काळात महामारीमुळे देशांतर्गत प्रवासी विमानसेवाच बंद होती. अनेकांचे पगार थकले, वीस-वीस वर्षांची ज्येष्ठता एका रात्रीत निरर्थक ठरली.

खासगी विमानाचे स्थैर्य तर एका माणसाच्या भाग्याशी बांधलेले असते. धंद्यात मंदी आली, भावाभावांत वाटणी झाली, की विक्रीला निघणाऱ्या वस्तूंत विमान आघाडीवर असते. कारखाना चालू राहतो, विमान जाते आणि त्याबरोबर वैमानिकही. म्हणून दोन्ही वाटांवर पथ्य एकच : पहिल्या पगारापासून राहणी साधी ठेवावी, कर्ज आधी फेडावे, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावा आणि परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्यावा. वैद्यकीय तपासणी वारंवार असते आणि एका अहवालाने उत्पन्न थांबू शकते. व्यापारी वाहतुकीतील उड्डाण तसेही वयाच्या ६५ व्या वर्षी थांबते.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पगार, बढती, विमानाची चमक हे सारे त्यापुढे गौण आहे. हवामान बिघडले असता ‘आज उड्डाण होणार नाही’ असे वैमानिक म्हणू शकतो का?

विमान कंपनीत हा निर्णय वैमानिकाच्या मागे उभी असलेली यंत्रणा सुकर करते. कमीत कमी दृश्यता किती हवी, हे लिहिलेले असते. प्रवासी चिडतात, परंतु ते वैमानिकाला नोकरीवरून काढू शकत नाहीत. खासगी विमानात मात्र नकार ऐकणारा मनुष्य आणि पगार देणारा मनुष्य एकच असतो. त्याला सभा गाठायची असते, सौदा करायचा असतो. तो कदाचित रागावणारही नाही, नुसते घड्याळाकडे पाहील. त्या एका नजरेचे वजन तरुण वैमानिकाच्या मनावर किती पडत असेल, याची कल्पना नोकरी केलेल्या कोणालाही येईल.

३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे हे सभेसाठी कानपूरकडे निघाले असता मैनपुरीजवळ त्यांचे छोटे विमान कोसळले. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी आंध्र प्रदेशात हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. २ सप्टेंबर २००९ रोजी मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर खराब हवामानात नल्लमलाच्या जंगलात कोसळले. या प्रत्येक अपघाताची कारणे निरनिराळी होती आणि कोणावर दोष ठेवण्याचे हे स्थान नव्हे. परंतु मोठ्या व्यक्तीची निकड, छोटे विमान आणि ढगाळ आकाश हे तिन्ही एकत्र आले, की वैमानिकाच्या नकाराची किंमत सर्वाधिक असते, एवढा बोध त्यांतून घेता येतो.

विमान कंपनी या दोषापासून मुक्त आहे, असेही मानू नये. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे झालेल्या अपघातात १५८ जणांचे प्राण गेले. चौकशीत असे आढळले, की प्रवासात कॅप्टनला बराच वेळ झोप लागली होती आणि उतरताना सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचवूनही ते ऐकले गेले नाही. तेथे मालक नव्हता. तेथे थकवा होता आणि ज्येष्ठापुढे कनिष्ठाचा आवाज दुबळा पडला होता. पुढे विश्रांतीचे नियम कडक झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारी आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घालणारी नियमावली २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्या डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा प्रवाशांनी संताप व्यक्त केला. तो समजण्यासारखा होता. परंतु वैमानिकाची झोप ही प्रवाशाच्या तिकिटाचाच भाग आहे, हे त्या निमित्ताने पुष्कळांना प्रथमच कळले.

येथे या सभागृहातील ज्येष्ठ व्यापारी बंधूंना एक नम्र निवेदन आहे. आज समाजातील काही कुटुंबे लग्नकार्यासाठी, तातडीच्या उपचारांसाठी, व्यवसायासाठी भाड्याने विमान घेतात. उद्या त्यांची संख्या वाढेल. वैमानिक ‘अर्धा तास थांबावे लागेल’ म्हणाला, तर त्याला जास्त पैसे देऊ करू नयेत, मोठ्या माणसाचे नाव सांगू नये, नुसते घड्याळही पाहू नये. ‘तुम्ही म्हणाल तेव्हा निघू’ एवढे एक वाक्य उच्चारावे. त्या वाक्याने स्वतःचे कुटुंब वाचते आणि पुढे बसलेल्या कोणाच्या तरी मुलाचे प्राणही वाचतात.

निवड कशी करावी?

ज्याला शिस्त, ठरलेले वेळापत्रक आणि क्रमाक्रमाने चढणारी शिडी हवी, त्याने विमान कंपनीकडे पाहावे. ज्याच्यावर मोठे कर्ज आहे, त्यानेही शक्यतो आधी तीच वाट धरावी. कारण तास लवकर भरतात आणि कडक सरावाची सवय लागते. ज्याला विविधता, छोट्या धावपट्ट्यांचे आव्हान आणि माणसांची ओळख हवी, शिवाय ज्याच्या स्वभावात नम्रतेबरोबर ठामपणाही आहे, त्याला खासगी विमान शोभते. एका वाटेने निघून दुसरीकडे वळता येते. तारुण्यात विमान कंपनीत अनुभव घेऊन नंतर खासगी विमानाकडे येणारे पुष्कळ आहेत. वय वाढल्यावर उलट दिशेने जाणे मात्र ज्येष्ठतेमुळे जड जाते.

खासगी नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी वडिलांनी मुलासोबत बसून चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षणाचा खर्च कोण देणार आणि त्याबदल्यात किती वर्षांचा बाँड आहे? वर्षाला साधारणतः किती तास उड्डाण होते? सिम्युलेटरचा सराव किती वेळा आणि कोठे दिला जातो? आणि चौथा, सर्वांत मोलाचा : गेल्या वर्षभरात हवामानामुळे किती वेळा उड्डाण रद्द केले? ‘एकदाही नाही’ असे उत्तर अभिमानाने मिळाले, तर तेथून शांतपणे उठून यावे. ‘सात-आठ वेळा’ असे उत्तर मिळाले, तर ती पेढी चांगली आहे असे समजावे.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक परत गेले, तर त्या दिवशीची विक्री बुडते. दुसऱ्या दिवशी दुकान पुन्हा उघडते. आकाशात तशी दुसऱ्या दिवसाची खात्री नसते. म्हणून आपल्या मुलांना आकाशात पाठविताना त्यांच्या हाती परवाना द्यावा, मनात कर्तव्य द्यावे आणि योग्य वेळी ‘नाही’ म्हणण्याचे बळही घरातूनच द्यावे. ज्या घरात मुलाला वडिलांसमोर आदराने ‘नाही’ म्हणता येते, त्या घरातील मूल उद्या कोणत्याही शेठसमोर आणि कोणत्याही कॅप्टनसमोर ते म्हणू शकेल. मग विमान कोणाचेही असो, ते सुखरूप खाली उतरेल.